उरल्या जस्ताचा हिशेब

पावसाळा तोंडावर आला की लोक गोदामं आवरायला काढतात. दोन वर्षांपूर्वी मे महिन्याच्या अखेरीस माझ्या पहिल्या कादंबरीच्या प्रकाशकांच्या मुलाचा असाच फोन आला. "काका, बाबांच्या वेळचे ब्लॉक सापडलेत. त्यात तुमच्या पुस्तकाचेही आहेत. नेता का? नाहीतर सोमवारी सगळं भंगारात जाणार." मी रिक्षा करून गेलो. नऊ ब्लॉक आणायला गेलो आणि अख्खी गोणी घेऊन परतलो. त्या मुलाला निवडत बसायला वेळ नव्हता, आणि इतरांची चित्रं भंगारात ढकलून फक्त स्वतःची तेवढी उचलायची मला लाज वाटली. गोणीत पन्नास-पंचावन्न ब्लॉक होते. वजन लाकडासकट वीस किलोच्या घरात. गोणी दाराशी टेकवली तेव्हा पत्नीने विचारलं, "अहो, हे काय आणलंत?" मी म्हटलं, "साहित्य." ती म्हणाली, "कसलं? बांधकामाचं?"

ज्यांनी खिळ्यांची छपाई पाहिलेली नाही, त्यांना ब्लॉक म्हणजे काय ते सांगायला हवं. अक्षरांसाठी शिशाचे खिळे असत. कंपोझिटर ते एकेक करून जुळवी. पण चित्रासाठी खिळा कुठून आणायचा? मग मोठ्या कॅमेऱ्यावर चित्राची निगेटिव्ह काढायची. जस्ताच्या घासून चकचकीत केलेल्या पत्र्यावर प्रकाशाने कडक होणारा लेप द्यायचा, वर निगेटिव्ह ठेवायची आणि आर्क दिव्याचा प्रखर उजेड पाडायचा. रेघांच्या जागचा लेप घट्ट धरी, बाकीचा धुऊन जाई. मग पत्रा पातळ केलेल्या नायट्रिक ॲसिडमध्ये. उघडं पडलेलं जस्त ॲसिड खाऊन टाकी आणि रेघा तेवढ्या उभ्या राहत. खरी कसोटी पुढेच असे. ॲसिड जसं खाली खातं तसं बाजूनेही खातं. रेघ खालून पोखरली गेली तर छापताना मोडते. म्हणून दर थोड्या वेळाने पत्रा बाहेर काढून रेघांच्या कडेला राळेची लाल पूड लावायची, ती तापवून वितळवायची आणि पुन्हा ॲसिडमध्ये सोडायचं. असं तीन-चार वेळा. शेवटी तो पत्रा लाकडावर ठोकून खिळ्यांच्या उंचीचा करायचा. दर चौरस इंचावर. आज तुम्ही वाचता आहात तशा रविवारच्या पुरवण्यांतली चित्रंही एके काळी याच वाटेने कागदावर येत. पुढे ऑफसेट आलं आणि ही सगळी विद्या दहा-पंधरा वर्षांत मोडीत निघाली.

गोणी महिनाभर दारात राहिली. मग घरातून मुदत मिळाली, गणपतीपर्यंत. मी भंगारवाल्याला बोलावलं. त्याने एक ब्लॉक उचलला, हातात तोलला, लाकडापासून सुटलेला एक पत्रा फरशीवर टाकून त्याचा आवाज ऐकला. ॲल्युमिनियम म्हणावं तर जड, शिसं म्हणावं तर कडक. "जस्ता है साब," तो म्हणाला. त्याचं बरोबर होतं. त्याच आकाराचा ॲल्युमिनियमचा तुकडा घेतला तर जस्त त्याच्या अडीचपटीहून जड भरतं, आणि शिशासारखी त्याची कागदावर काळी रेघ उठत नाही. पण त्याने जो भाव सांगितला तो लोखंडापेक्षा थोडा बरा, एवढाच होता. लाकूड लागलंय, खिळे आहेत, वर काहीतरी लावलंय, अशी त्याची कारणं. मी त्याला परत पाठवलं. त्याचं चुकलं म्हणून नव्हे. ती कारणं मला ओळखीची वाटली म्हणून. पस्तीस वर्षांपूर्वी हीच कारणं मी दुसऱ्या एका माणसाला ऐकवली होती.

१९९० साली मी बँकेच्या एका शाखेत लघुउद्योगांची कर्जं पाहत होतो. ब्लॉक करणारे एक गृहस्थ आमचे खातेदार होते. सगळे त्यांना अण्णा म्हणत. माल नजरगहाण ठेवून घेतलेलं छोटं कॅश क्रेडिट होतं. मी तपासणीला गेलो तेव्हा जिन्याखालच्या खोलीत कोपऱ्यात एक ढीग होता. पत्र्यांच्या कापलेल्या पट्ट्या, बिघडलेल्या प्लेटा, गिऱ्हाइकांनी न नेलेले ब्लॉक. अण्णांनी तो ढीग स्टॉक स्टेटमेंटमध्ये धरला होता.

"हे काय?"

"जस्त, साहेब."

"भंगार म्हणा."

"तुमच्या कागदात भंगार. माझ्याकडे ओतारी येतो, दोन महिन्यांनी, आणि रोख देऊन नेतो."

"पावती?"

पावती नव्हती. मी त्या ढिगापुढे शून्य लिहिलं. येण्यांची यादी होती, त्यात तीन महिन्यांपेक्षा जुनी येणी धरायची नाहीत असा नियम होता. बरीच येणी प्रकाशकांकडची, म्हणजे जुनीच. तीही काढली. उरलेल्या मालावर पंचवीस टक्के मार्जिन. उचल मर्यादा निम्म्यावर आली आणि खातं एका दुपारीत थकलेल्यांच्या यादीत गेलं. वर्षभराच्या आत अण्णांनी कॅमेरा विकून पैसे भरले. वसुली चोख झाली म्हणून साहेबांनी माझ्या अहवालात चांगला शेरा मारला. ऑफसेटने अण्णांना पुढेमागे गाठलंच असतं, हे मी स्वतःला पुष्कळदा सांगितलं आहे. ते खरंही आहे. पण ब्लॉकच्या धंद्याची आणखी तीन-चार वर्षं तरी होती, आणि कॅमेरा गेल्यावर ब्लॉकवाल्याकडे काय राहतं, हे समजायला बँकेची परीक्षा लागत नाही.

तेव्हा भंगारवाला गेल्यावर माझ्या मनाने घेतलं की या जस्ताचा एकदा नीट हिशेब लावायचा. अण्णांचा ढीग खरोखर शून्य किमतीचा होता का, ते पाहायचं. निवृत्त माणसाला एवढा उद्योग पुरतो.

पहिल्यांदा ओताऱ्याकडे गेलो. गावाबाहेर त्याची भट्टी आहे. समया, घंटा, नळाच्या तोट्या असं पितळेचं ओतकाम तो करतो. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त, हे शाळेत शिकलो होतो; पण त्यातली खोच त्याच्याकडे कळली. तांबं वितळायला १०८५ अंश लागतात आणि जस्त तर ९०७ अंशांनाच उकळून वाफ होतं. त्यामुळे जुनं पितळ मुशीत वितळवलं की दर खेपेला त्यातलं थोडं जस्त पांढऱ्या धुरातून उडून जातं. तेवढं भरून काढलं नाही तर पितळेचा रंग बदलतो, गुण बदलतो. म्हणून ओतण्याच्या जरा आधी जस्ताचे तुकडे कोरडे आणि गरम करून रसात खोल दाबायचे. ओला तुकडा टाकला तर रस उडून अंगावर येतो. म्हणजे अण्णांकडचा ओतारी खोटा नव्हता. त्याला त्या पट्ट्या हव्याच होत्या. "आणा तुमचे पत्रे," हा म्हणाला. "फक्त लाकूड काढा आणि खिळे उपटा. लोखंड आत गेलं तर काम बिघडतं."

त्या पांढऱ्या धुराचं त्याने आणखी एक सांगितलं. त्याच्या वडिलांना संध्याकाळी हुडहुडी भरून ताप यायचा, सकाळी साफ उतरायचा. आठवड्याची सुट्टी झाली की पुन्हा पहिल्या दिवशी हजर. जस्ताच्या धुराचा हा ताप वेल्डिंगवाल्यांनाही चांगला माहीत आहे. जस्ताचा मुलामा असलेल्या पाइपवर वेल्डिंग केलं की येतो. त्यावर दूध-गुळाचा उतारा सगळीकडे सांगतात. खरा उपाय म्हणजे उघडी हवा आणि धूर ओढून नेणारा पंखा. घरच्या गॅसवर डबा ठेवून जस्त वितळवण्याचा उद्योग हौसेने करणारे लोक आहेत. ते ४२० अंशांच्या आतच वितळतं, त्यामुळे सोपं वाटतं. सोपं आहे म्हणूनच करू नये.

मग मला आमचा दुसरा एक खातेदार आठवला. एमआयडीसीत त्याचा गॅल्व्हनायझिंगचा कारखाना होता. जगात जेवढं जस्त लागतं त्यातलं सुमारे निम्मं याच कामाला जातं. लोखंड सुमारे ४५० अंशांच्या जस्ताच्या रसात बुडवून काढायचं. आपली बादली, छपराचा पत्रा, विजेचे मनोरे, सगळं यातून न्हाऊन आलेलं. लोक याला कल्हईचा भाऊ समजतात, पण कल्हई कथलाची. कथील लोखंडावर नुसतं पांघरूण घालतं. पांघरूण फाटलं की आतलं लोखंड लवकरच गंजतं. जस्ताचं तसं नाही. ओरखडा पडून लोखंड उघडं झालं तरी शेजारचं जस्त आधी झिजतं आणि लोखंडाला वाचवतं. घरातली थोरली सून असते तसं. या कारखान्यात रसावर राखाडी साय धरते ती जस्ताची राख, आणि तळाला लोखंड मिसळलेला जड गाळ बसतो. स्टॉक स्टेटमेंटमध्ये दोन्ही 'इतर' या रकान्यात असत.

त्या 'इतर'चं काय होतं? गाळातून आणि राखेतून झिंक ऑक्साइड निघतं. ते टायरच्या रबरात जातं, रंगात जातं. राखेवर गंधकाम्लाची प्रक्रिया करून झिंक सल्फेट करतात आणि ते शेतात जातं. १९६६ साली पंतनगरच्या कृषी विद्यापीठात डॉ. य. ल. नेने यांनी दाखवून दिलं की तराईतल्या भाताचा 'खैरा' रोग हा रोग नसून जमिनीतल्या जस्ताची उपासमार आहे. तोवर लोक बुरशी शोधत होते. आमच्या चुलतभावाची मोसंबीची बाग आहे. पानं बारीक राहणं आणि शिरा हिरव्या ठेवून मधला भाग पिवळा पडणं ही तीच तक्रार. त्याला हेक्टरी वीस-पंचवीस किलो झिंक सल्फेटचा हिशेब तोंडपाठ आहे, आणि ते स्फुरदाच्या खतात कालवायचं नाही हेही. कारण दोघं एकमेकांना धरून बसतात आणि झाडाला काहीच मिळत नाही. पण तो मला म्हणाला, "दादा, तुझे पत्रे ॲसिडात विरघळवून मला आणून देऊ नकोस." बरोबर होतं. त्यातून निघणारा हायड्रोजन ठिणगीने पेट घेतो. शिवाय भंगारात शिसं आणि कॅडमियमही असतं. खतात ते किती चालेल याला १९८५ च्या खत नियंत्रण आदेशाने मर्यादा घातली आहे. राख आणि गाळ तर २०१६ च्या नियमांप्रमाणे परवाना असलेल्या कारखान्यालाच देता येतात. त्याला कारण आहे. जे शेतात गुणकारी, ते ओढ्यात विष.

रत्नागिरीला एका लग्नाला गेलो होतो तेव्हा मिरकरवाड्याच्या बंदरावरही चौकशी केली. समुद्राच्या पाण्यात लोखंडी तळाला आणि पंख्याजवळ जस्ताची वडी बोल्टने आवळतात. खारं पाणी आधी तिला खातं, बोट वाचते. ही युक्ती १८२४ मध्ये हम्फ्री डेव्हीने इंग्रजी आरमाराच्या जहाजांवर करून पाहिली होती. जहाजांच्या तळाला तांब्याचा पत्रा असे. तो झिजायचा थांबला खरा, पण तांबं विरघळेना म्हणून शंख-शिंपले निर्धास्तपणे चिकटले आणि जहाजं मंदावली. मला वाटलं, आपल्या पत्र्यांच्या वड्या ओतून द्याव्यात. मेकॅनिकने हात जोडले. वडीत लोखंडाचा अंशही गेला तर तिच्यावर कठीण साय धरते आणि ती झिजायचीच थांबते. मग झिजते ती बोट. भंगाराचा उपयोग शोधताना कुठे तो करू नये हेही शिकावं लागतं.

या सगळ्या हिंडण्यात मला सारखी आठवण येत होती ती जावरची. उदयपूरच्या दक्षिणेला हे खाणीचं गाव आहे, आजही तिथे खाण चालू आहे. २००७ साली मी तिथे गेलो होतो. जस्त काढणं अवघड, कारण भट्टीत ते धातू म्हणून येतं तेच वाफ होऊन, आणि वाफेला हवा लागली की पुन्हा राख. युरोपात विल्यम चॅम्पियनने यावर उपाय शोधून १७३८ मध्ये पेटंट घेतलं. जावरच्या लोकांनी त्याच्या काही शतकं आधी तो साधला होता. रसरत्नसमुच्चयात वांग्याच्या आकाराच्या मुशीचं वर्णन आहे, तशाच मातीच्या मुशी. एका भट्टीत छत्तीस मुशी उलट्या बसवायच्या. वाफ खालच्या नळीतून उतरून थंड भांड्यात जस्त होऊन साचते. १९८३ मध्ये बडोद्याचं विद्यापीठ, ब्रिटिश म्युझियम आणि हिंदुस्थान झिंक यांच्या उत्खननात त्या भट्ट्या जशाच्या तशा सापडल्या. पण मला भट्ट्यांपेक्षा लक्षात राहिल्या त्या भिंती. एक मूस एकदाच वापरता येई. अशा हजारो जळक्या मुशींचं करायचं काय? लोकांनी त्या विटांसारख्या रचून घरांच्या भिंती उभारल्या. त्यांच्यापुढे कुणी स्टॉक स्टेटमेंट ठेवलं नव्हतं, म्हणून त्यांना भिंत दिसली.

गणपती जवळ आले. मी बाल्कनीत चटई टाकून पक्कड-पटाशी घेऊन बसलो आणि ओताऱ्याने सांगितल्याप्रमाणे लाकडं सोडवू लागलो. पहिले दोन दिवस इतरांचे ब्लॉक केले. माझ्या भाचीची मुलगी चित्रकला शिकते. ती आली आणि सुटलेले पत्रे उलटेपालटे करून पाहू लागली. "आजोबा, मागची बाजू कोरी आहे की! आम्ही एचिंगला विकत आणतो हे." पाठीवरचा लेप काढून, घासून त्यावर नवं चित्र कोरता येतं. तिच्या बाई नायट्रिकच्या वाफा नकोत म्हणून मोरचूद आणि मीठ पाण्यात कालवून त्यात जस्त खोदायला लावतात. जस्त झिजत जातं आणि त्या जागी तांब्याचा लाल गाळ बसतो. तिने वीस पत्रे निवडून नेले. ज्या ढिगापुढे मी शून्य लिहिलं होतं, त्याच्या पाठीवर एक आख्खी कोरी बाजू होती, हे मला पस्तीस वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. मी विचारलंही नव्हतं.

तिसऱ्या दिवशी माझ्या कादंबरीचे नऊ ब्लॉक काढले. पहिल्याचं लाकूड उलटं केलं तर त्यावर जांभळ्या पेन्सिलीने लिहिलं होतं. कामाचा नंबर, चार बाय सहा, आणि खाली एक शब्द : बाकी. अक्षर ओळखीचं होतं. त्या अक्षरातली स्टेटमेंटं मी तपासली होती. नऊही लाकडांवर तेच.

कादंबरी १९८९ च्या दिवाळीत निघाली. ब्लॉक कुठून आले हे तेव्हा मी विचारलं नव्हतं. पुस्तक हातात आल्याच्या आनंदात कोण विचारतो? म्हणजे १९९० च्या त्या दुपारी मी जी जुनी येणी लाल शाईने काढली, त्यात माझ्याच पुस्तकाचं येणं होतं. प्रकाशकांच्या मुलाला फोन केला. तो हसला. "काका, त्या काळी कुणाचं कुणाला वेळेवर मिळालंय? तुम्हाला तरी मानधन मिळालं का?" तेही खरं होतं.

अण्णा जाऊन बरीच वर्षं झाली. त्यांच्या मुलाचं फ्लेक्स छापायचं दुकान आहे. मी पत्ता काढून गेलो. खिशात पाकीट होतं. नऊ ब्लॉक, दोनशे सोळा चौरस इंच, त्या वेळचा दर, आणि सवयीने लावलेलं व्याज. मी कोण ते सांगितलं, बँकेचंही सांगितलं. तो थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "कॅमेरा गेला त्या दिवशी मी सातवीत होतो. बाबा जेवले नव्हते." माझ्याजवळ यावर बोलण्यासारखं काही नव्हतं. पाकीट त्याने परत सरकवलं. "पैसे राहू द्या, काका. बाबांच्या हातचं काम मात्र घरात एकही नाही. यातला एखादा देता?"

मी नऊही टेबलावर मांडले. त्याने चित्र पाहिलं नाही, पुस्तकाचं नावही विचारलं नाही. एक पत्रा उचलून दारातल्या उजेडात तिरका धरला आणि रेघेच्या कडेवरून अंगठा फिरवला. "बघा," तो म्हणाला, "कशी सरळ उतरलीय. खालून कुठे पोखरलेली नाही."

ओताऱ्याकडे साडेपाच किलो जस्त गेलं. त्याने वजन करून रोख पैसे दिले. मी पावती मागितली नाही.